ओफेलियाचे हाल

सनीसाइडमध्ये ओफेलिया बारिएंतोसची बेकरी आणि माझं केस कापायचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. तिकडे ओव्हन पेटला की इकडे माझे आरसे कोमट होतात. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला ओफेलियाने धर्ममाता म्हणून तिला हातावर धरलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि सख्ख्या बहिणींसारख्या भांडतो.

ओफेलियाला कधी कुणाची मदत लागत नाही असं सगळ्या गावाचं मत होतं, आणि ते मत पसरवायचं काम ती स्वतःच करायची. मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून चालत यायची. कुणी पुढे झालं तर म्हणायची, "बाजूला हो, तुझी कंबर जाईल." तिच्या स्मरणशक्तीचं तर लोकांना फार कौतुक. केकच्या, तमालेच्या, कोंचा पावांच्या ऑर्डरी ती कधी लिहून घेत नसे. सगळं डोक्यात. कुणाच्या पोरीची पंधराव्या वर्षाची पार्टी, कुणाला क्रीम गुलाबी हवं, कुणाला दालचिनी चालत नाही, सगळं पाठ.

तिचा नवरा एवारिस्तो अगदी उलटा. सडपातळ, मऊ बोलणारा, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या शेतावर, फुलं वाळवायच्या भट्टीवर कामाला. त्याला एक विचित्र खोड होती. दिसेल ते मोठ्याने वाचायचा. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, दिव्याचं बिल, रस्त्यावरचा फलक. त्याच्याबरोबर गाडीत बसलं की रेडिओ लावायची गरज नसे. ओफेलियाचे वडील सिरिलोकाका त्यांच्याकडेच राहतात. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेल्यात जमा आहे, जीभ मात्र शाबूत. ते म्हणायचे, "माझ्या जावयाला मनातल्या मनात वाचता येत नाही. शाळेत तेवढाच धडा राहिला असेल."

एवारिस्तो तरुणपणी मेक्सिकोतून कागदांशिवाय सरहद्द ओलांडून इकडे आलेला. बायको इथेच जन्मलेली, इथली नागरिक, तरी त्याचा प्रश्न सुटत नव्हता. व्हिसाच्या मुलाखतीला त्याला मेक्सिकोत, हुआरेसला जावं लागणार, आणि देशाबाहेर पाऊल टाकलं की कायदा म्हणणार, आता दहा वर्षं परत यायचं नाही. त्यावर एक वाट होती. निघण्याआधीच सरकारकडे माफीचा अर्ज करायचा, आणि हा माणूस दहा वर्षं दूर राहिला तर त्याच्या बायकोचे हाल होतील हे सिद्ध करायचं.

रेबेका ओंतिवेरोस या वकीलबाईंनी हे सगळं आम्हाला नीट समजावलं. मीही गेले होते, कारण ओळखीच्या माणसांची पत्रंही लागतात.

"साधे हाल चालत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "नवरा गेला की बायको रडते, घर ओकंबोकं होतं, हे सरकार धरूनच चालतं. त्याच्या पलीकडचं काय, ते दाखवायचं."

"पलीकडचं काही नाही," ओफेलिया म्हणाली. "मी रडणारही नाही."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. एवारिस्तो छताकडे बघत बसला.

"मग याला इथे कशाला ठेवायचं?"

"कारण तो माझा आहे."

"हे मला पटलं," वकीलबाई म्हणाल्या. "सरकारला पटायला जरा जास्त लागतं. तू घरी जा, शांत बस आणि त्याच्याशिवाय तुझं काय होईल ते स्वतःच्या शब्दांत लिहून आण."

पुढच्या आठवड्यात ओफेलियाने सुंदर वळणदार अक्षरातली तीन पानं नेऊन दिली. वकीलबाई वाचायला लागल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. "'ओफेलिया उजाडायच्या आधी उठते. एकटीच्या जिवावर बेकरी चालवते. संकटात डगमगत नाही. आंधळ्या वडिलांची सेवा हसतमुखाने करते.' अगं, हे वाचून सरकार तुला नोकरी देईल. याला माफी कशी मिळेल?"

बाकीच्यांच्या पत्रांनी तर कहरच केला. फादर अन्सेल्मोंनी लिहिलं होतं की आपल्या चर्चमध्ये तिच्याइतकी खंबीर बाई नाही. समोरच्या खाटकाने लिहिलं होतं की ही बाई चार पुरुषांचं काम करते. आणि मी, तिची कोमाद्रे, मी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं की ओफेलिया म्हणजे खडक आहे.

"खडकाचे हाल कसे दाखवू मी?" वकीलबाईंनी मला विचारलं.

सप्टेंबर लागला, हॉप्स काढणीला आले, आणि एवारिस्तोच्या मालकाने त्याला आयडाहोतल्या दुसऱ्या शेतावरची भट्टी काही आठवडे सांभाळायला पाठवलं. लग्न झाल्यापासून ओफेलियाला सोडून तो इतके दिवस कधी लांब गेला नव्हता. निघताना तिच्यापेक्षा त्याचाच जीव जास्त खालीवर होत होता. "सिरिलोकाकांचे पाय रोज बघ," त्याने दोनदा सांगितलं.

"बघते रे बाबा. मी काय कालची आलेय का?"

तो गेल्यावर ओफेलिया जरा चिडचिडी झाली. मला वाटलं, करमत नसेल. सिरिलोकाकांच्या दवाखान्याची तारीख चुकली. "ते लोक फोनवर नीट सांगतच नाहीत," ती म्हणाली. दिव्याचं बिल माझ्या दुकानात आणून म्हणाली, "माझा चष्मा सापडत नाहीये, जरा बघ ना." ओफेलियाला चष्मा आहे हे मला तेव्हाच कळलं. पण माझ्या खुर्चीत एका बाईच्या डोक्याला रंग लागलेला होता, मी फार विचार केला नाही.

त्याच आठवड्यात फादर अन्सेल्मोंना पाद्री होऊन पंचवीस वर्षं झाली. चर्चच्या समितीने मोठा केक सांगायचं ठरवलं. समितीच्या प्रमुख हर्मिनियाबाई आल्या तेव्हा बेकरी बंद होती, म्हणून त्या चिठ्ठी माझ्याकडे ठेवून गेल्या आणि मी ती संध्याकाळी ओफेलियाला दिली. तिने ती बघितली, मान हलवली आणि अ‍ॅप्रनच्या खिशात घातली.

रविवारी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळे हॉलमध्ये जमले. केक काय सुंदर झाला होता. चहूबाजूंनी पांढरे गुलाब, मधे निळ्या क्रीमची बारीक, रेखीव अक्षरं. फादरनी चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला सुरुवात केली.

"'अभिनंदन, फादर अन्सेल्मो.'" टाळ्या पडल्या. फादर पुढे वाचत गेले. "'साखर बेतानेच टाक, फादरना डायबेटिस आहे. पण मी सांगितलं म्हणून त्यांना सांगू नकोस. हर्मिनिया.'"

मग फादरना जे हसू फुटलं, ते टेबलाला धरून हसले, चष्मा काढून डोळे पुसायला लागले. त्यांच्यामागे सगळा हॉल. हर्मिनियाबाई बीटासारख्या लाल झाल्या. गावभर इतरांच्या आजारांच्या बातम्या पोचवणं हा त्यांचा आवडता उद्योग होता, त्यामुळे लोकांना वाटलं ओफेलियाने मुद्दाम जिरवली. खाटीक तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मानलं तुला. असं पाहिजे."

ओफेलियाही हसत होती, हाताची घडी घालून, तिच्या नेहमीच्या दणदणीत आवाजात. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिने ओठ न हलवता मला विचारलं, "चेलो, त्यावर काय लिहिलंय?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिचं हसू तसंच होतं, फक्त मानेवर घाम आला होता. मी तिच्या कानात सगळं सांगितलं. ती आणखी मोठ्याने हसली आणि सुरी उचलून केक कापायला लागली. अक्षरांपासूनच सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि तिला माझ्या खुर्चीत बसवलं. केस धुताना माणूस डोळे मिटून असतं, तेव्हा त्याला बोलणं सोपं जातं. इतक्या वर्षांत हे मी शिकलेय.

"माझ्या लहानपणी आम्ही पिकांच्या मागे फिरायचो," ती म्हणाली. "इथे शतावरी, मग चेरी, मग आयडाहोत बीट, मग परत सफरचंदं. वर्षात तीन-तीन शाळा. नवीन शाळेत गेले की बाई मला मागच्या बाकावर बसवायच्या, आणि त्यांना माझं नाव पाठ होईपर्यंत आम्ही निघालेलो असायचो. अक्षरं मला कधी जागेवर दिसलीच नाहीत गं. हलतात. मी त्यांचं चित्र काढू शकते, अगदी हुबेहूब. वाचू शकत नाही."

"म्हणजे केकवरची नावं?"

"एवारिस्तो रात्री कागदावर काढून देतो. मी ते चित्र क्रीमने काढते. या वेळी तो भट्टीवर होता, तिथे फोन लागत नाही. तुझ्याकडे चिठ्ठी आणणार होते, पण मग तुला कळलं असतं. मला वाटलं, जे आहे ते सगळं काढावं, म्हणजे काही राहून जायला नको."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. मग तीही हसली, फेसात डोकं ठेवूनच. बराच वेळ आम्ही दोघी हसत होतो. मग तिने टॉवेल मागितला आणि तो तोंडावर धरून बसली. मी पाणी बंद केलं आणि तिचा खांदा धरून उभी राहिले.

"त्याला कधी कळलं?" मी नंतर विचारलं.

"लग्नाआधीच. आम्ही बाहेर जेवायला जायचो, तो काय मागवायचा तेच मी मागवायचे. चार-पाच वेळा झालं. त्याला कोलंबी आवडते, मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही, तरी खायचे. एक दिवस तो मेनू हातात घेऊन स्वतःशीच बोलल्यासारखा मोठ्याने वाचायला लागला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला काही विचारलं नाही. मग मी एन्चिलादा मागवल्या. तेव्हापासून वाचतोच आहे."

मी केस विंचरायचं थांबले. एवढी वर्षं आम्ही त्या माणसाची टिंगल करत होतो.

"कोमाद्रे," मी म्हटलं, "हे वकीलबाईंना सांगावं लागेल."

"वेडी आहेस का? सरकारी कागदावर माझ्या नावाने कायमचं लिहून राहील, ओफेलिया बारिएंतोस अडाणी आहे."

"आणि नाही सांगितलंस तर त्याच्या नावाने दहा वर्षं लिहून राहील."

ती उठून ओल्या केसांनीच बेकरीत निघून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गरम कोंचांची पिशवी माझ्या काउंटरवर आपटून म्हणाली, "तो आला की जाऊ."

पण एवारिस्तो आला आणि त्याने साफ नाही म्हटलं. मी माझ्या दुकानात होते, त्यांचं भांडण भिंतीतून ऐकू येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा चढा आवाज ऐकला.

"तुला लोकांपुढे खाली बघायला लावून मला इथे राहायचं नाही."

"म्हणून माझ्या नावाने ती तीन पानं तसली लिहिलीस?"

"जे खरं आहे ते लिहिलं."

"मला वाचून दाखवलंस तेव्हा वेगळं वाचलंस. 'ओफेलिया एवारिस्तोशिवाय कोसळेल' असं वाचलंस. मी भांडलेसुद्धा त्यावरून."

म्हणजे त्या वाचणाऱ्या माणसाने आयुष्यात एकदाच खोटं वाचलं होतं, तेही असं. तिला वाचून दाखवताना आपल्या केसला मदत होईल असं, आणि कागदावर तिची मान ताठ राहील असं. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली.

"ऐक," ओफेलिया म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "इतकी वर्षं तू वाचलंस, मी ऐकलं. आता मी बोलणार, तू ऐकायचंस. आणि मधे बोलायचं नाही."

वकीलबाईंच्या ऑफिसात आम्ही चौघं गेलो, कारण सिरिलोकाकाही हट्टाने गाडीत येऊन बसले. ओफेलिया बोलत गेली, वकीलबाई टाइप करत गेल्या. पिकांमागे फिरण्यापासून केकपर्यंत सगळं. वडिलांच्या औषधांच्या बाटल्यांवर एवारिस्तोने रंगीत पट्ट्या लावल्यात, पण डॉक्टर औषध बदलतात तेव्हा पट्ट्यांचा काही उपयोग नाही. बेकरीच्या परवान्याची, करांची, विम्याची पत्रं तोच वाचतो. त्याच्याबरोबर मेक्सिकोत, त्याच्या मिचोआकानला जायचं म्हटलं तर वडिलांचा दवाखाना सुटेल, आणि नवीन जागी तो कामावर असताना कुठल्या कागदावर काय लिहिलंय ते तिला कळणार नाही. "तो गेला तर मी उपाशी मरणार नाही," ती म्हणाली. "पण बारीक बारीक चुका करत जाईन, आणि त्यातली एखादी माझ्या वडिलांच्या अंगावर येईल. रोज सकाळी उठल्याबरोबर मला त्याचीच भीती वाटेल. बास, एवढंच."

एवारिस्तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"मलाही लिहायचंय," सिरिलोकाका म्हणाले. "लिहा. जावई डोमिनो खेळताना लबाडी करतो, मला दिसत नाही म्हणून."

"पापा," ओफेलिया म्हणाली.

"लिहा हो. आंधळ्याशी लबाडी करतो, आणि तरी हरतो. मला वाटतं मुद्दाम हरतो, म्हणजे तीही लबाडीच झाली." म्हाताऱ्याने पाय पुढे केले. "आणि रोज रात्री माझे पाय मांडीवर घेऊन बघतो, बोटांच्या मधेसुद्धा, कुठे जखम झाली का म्हणून. मला तिथे काही कळत नाही, मेलेत पाय. तो बोलत बोलत बघतो, मला वाटावं की गप्पाच मारतोय. मागच्या वर्षी अंगठ्याला फोड होता तो त्यानेच पकडला, नाहीतर अंगठा गेला असता. हे पण लिहा. पण डोमिनोचं आधी."

वकीलबाईंनी डोमिनोचं आधी लिहिलं.

पुढे त्यांनी ओफेलियाला जवळच्या याकिमा शहरात एका तज्ज्ञ बाईंकडे तपासणीला पाठवलं. दिवसभर तिच्याकडून चित्रं, ठोकळे, शब्द असं काय काय करून घेतलं. मी संध्याकाळी तिला आणायला गेले तर ती पायऱ्यांवर उभी, चेहरा फुललेला.

"चेलो, याला नाव आहे."

"कशाला?"

"मला जे आहे त्याला. डिस्लेक्सिया. बाई म्हणाल्या, डोकं उत्तम आहे, अक्षरांची वाट तेवढी वेगळी आहे. मी पोरवयापासून समजत होते मी ढ आहे."

लपवून ठेवायची गोष्ट तिने मग गावभर वाटली. सुटे पैसे देता देता गिऱ्हाइकांना सांगायची, "मला डिस्लेक्सिया आहे, चिठ्ठी नको, तोंडाने सांग." गंमत म्हणजे महिन्याभरात खाटीक मागच्या दाराने येऊन हळूच विचारून गेला की त्या याकिमाच्या बाईंचा नंबर मिळेल का, एका मित्रासाठी हवाय. त्या मित्राचं नाव त्याला सांगता येईना. हर्मिनियाबाईसुद्धा आल्या. त्यांचा नातू शाळेत मागे पडत होता. ओफेलियाने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि त्या दोघी तासभर बोलत बसल्या. केकचा विषय कुणीच काढला नाही.

अर्ज गेला. मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते इतकं लांबलं की माझी मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. दर हिवाळ्यात वकीलबाई म्हणायच्या, अजून थोडं. ओफेलिया संध्याकाळच्या वर्गाला जायला लागली. फार काही झालं नाही, पण दुकानांच्या पाट्या ती आता अक्षरं जुळवत सावकाश वाचते. गाडीत दोघंही मोठ्याने वाचतात, तो आधी थांबून तिला संधी देतो, आणि मागे बसलेल्या माणसाची करमणूक दुप्पट होते.

माफी मंजूर झाली तेव्हा ती पीठ मळत होती. फोन मीच तिच्या कानाला धरला. वकीलबाईंचं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बरं." मग पिठाचे हात घेऊन तशीच बाहेर रस्त्यावर गेली, थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन मळायला लागली. माझ्या दुकानाच्या दाराच्या मुठीवर तिच्या बोटांचं पीठ लागलेलं होतं. कधी हात लावून गेली, मला कळलंही नाही.

हुआरेसला एवारिस्तो एकटाच गेला. डॉक्टरांनी तपासलं, मुलाखत झाली. मुलाखतीतल्या साहेबाने इनमीन चार प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाला, "तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा." का ते एवारिस्तोच्या लक्षात आलं नाही. आम्हाला आलं, साहेबाने डोमिनोचं वाचलं होतं.

परत येताना तो विमानाने आला. इतकी वर्षं विमानतळाच्या जवळपासही जायची त्याची हिंमत नव्हती. सिअ‍ॅटलच्या विमानतळावर आम्ही तिघं उभे होतो. तो बाहेर आला, ओफेलियाला बघून थांबला, आणि ती सगळ्या लोकांसमोर अशी रडली की एका पहारेकऱ्याने येऊन विचारलं, बाई बऱ्या आहेत ना.

"बऱ्या आहेत," सिरिलोकाका म्हणाले. "हिला रडता येत नाही असं ही सगळ्यांना सांगत असते."

घरी येईपर्यंत वाटभर एवारिस्तो विमानाबद्दलच बोलत होता. खिडकीजवळची जागा मिळाली. वरून डोंगर कागदाच्या चुरगळ्यासारखे दिसतात. ढग खालून पांढरे असतात तसे वरूनही पांढरेच असतात. एक बाई मोफत शेंगदाणे देते, मागितले तर परत देते. याकिमाच्या पुलापर्यंत आलो तरी तो विमानातच होता.

"एकदा बसला तर एवढं," सिरिलोकाका मागच्या सीटवरून म्हणाले. "पायलट झाला असता तर आपलं काय झालं असतं?"

ओफेलिया गाडी चालवत होती. तिने मागे न बघता सांगितलं, "पापा, बोलू दे त्याला. पुढे काय झालं, एवारिस्तो? उतरताना कान दुखतात म्हणे?"

"दुखतात," तो म्हणाला, आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला लागला.